पडद्यावरचा ठिपका आणि माणसाची खबर

नोव्हेंबर संपत आला की २६/११ च्या आठवणी निघतात. टीव्हीवर धुराने वेढलेला ताजचा घुमट दिसतो, व्हॉट्सॲपवर शहीद तुकाराम ओंबळे यांचे छायाचित्र फिरते आणि एक प्रश्न हमखास येतो. एवढे नौदल, एवढे तटरक्षक दल असताना दहा माणसे कराचीहून मुंबईत पोहोचली कशी? रडार काय करत होते?

बिडकीनला मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही. पण हा प्रश्न वर्गातली मुले विचारतात आणि चहाच्या टपरीवर मोठी माणसेही विचारतात. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की रडार असले म्हणजे सगळे कळते. रडारचा इतिहास वाचला की हे गृहीतक टिकत नाही. त्या इतिहासात मराठी मुसलमानांनी विचार करावा असेही बरेच आहे, म्हणून हा लेख.

रडारचे काम समजायला सोपे आहे. ते रेडिओ लहरी सोडते. समोर जहाज किंवा विमान असले तर लहरी त्यावर आपटून परत येतात. लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. जाऊन परत यायला सेकंदाचा एक हजारावा भाग लागला, तर वस्तू १५० किलोमीटरवर आहे. डोंगरात हाक मारावी आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून कड्याचे अंतर काढावे, तसाच हा हिशोब. वस्तू कुठे आहे, किती दूर आहे, कोणत्या दिशेने सरकते आहे, हे रडार सांगते. ती कोणाची आहे आणि कशासाठी येते आहे, हे प्रतिध्वनीतून कळत नाही. पडद्यावर दिसतो तो एक ठिपका.

ठिपक्याला नाव देण्याचे काम वेगळे असते. सरकारी मराठीत त्याला गुप्तवार्ता म्हणतात. आमच्याकडे साधा शब्द आहे, खबर. याच शब्दापासून मराठीने ‘खबरदार’ घेतला आणि ‘खबऱ्या’ही घडवला. पहिल्या शब्दात सावधपणा आहे, दुसऱ्यात हेटाळणी. या दोन शब्दांमधल्या अंतराकडे मी पुढे येणार आहे.

दिसले, पण ओळखले नाही

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डेव्हेंट्री गावाजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी रेडिओ लहरींच्या मदतीने उडते विमान टिपून दाखवले. चार वर्षांत इंग्लंडच्या किनाऱ्यावर रडार केंद्रांची साखळी उभी राहिली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीशी युद्ध जाहीर झाले आणि तिसऱ्याच दिवशी या साखळीची परीक्षा झाली.

६ सप्टेंबरच्या सकाळी शत्रूची विमाने येत असल्याचा इशारा आला. ब्रिटिश लढाऊ विमाने झेपावली. त्यांचेच ठिपके रडारवर शत्रूचे म्हणून धरले गेले आणि त्यांना गाठायला आणखी विमाने पाठवली गेली. शेवटी ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी ब्रिटिशांचीच दोन हरिकेन विमाने पाडली. एक वैमानिक मेला. त्या सकाळी आकाशात एकही जर्मन विमान नव्हते. आपले विमान ओळखू येईल असे यंत्र विमानांत बसवण्याचे काम यानंतर वेगाने हाती घेतले गेले.

पुढच्या वर्षी जर्मन विमानदलाशी खरी झुंज झाली तेव्हा इंग्लंडला वाचवण्यात रडारचा वाटा मोठा होता. मात्र त्या रडारमागे बेंटली प्रायरी येथे एक खोली होती, तिला ‘फिल्टर रूम’ म्हणत. सगळ्या केंद्रांची माहिती तिथे येई. एकाच विमानाबद्दल तीन केंद्रांनी तीन गोष्टी सांगितल्या, तर त्यातले खरे काय हे तिथे बसलेली माणसे ठरवत आणि मगच पुढे कळवत. किनारा ओलांडून आत आलेले विमान त्या वेळच्या रडारला दिसत नसे. तिथून पुढे हजारो साधे नागरिक दुर्बिणी घेऊन टेकड्यांवर बसलेले असत. विमान किती, कोणते, कुठे चालले, हे ते टेलिफोनने कळवत.

उलटे उदाहरण अमेरिकेचे. ७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी ७ वाजून २ मिनिटांनी हवाई बेटावरच्या ओपाना रडार केंद्रात दोन तरुण सैनिकांना पडद्यावर भला मोठा ठिपका दिसला. दोनशेहून अधिक किलोमीटरवरून बरीच विमाने येत होती. त्यांनी माहिती केंद्राला फोन केला. तिथली बहुतेक माणसे नाश्त्याला गेली होती. मागे राहिलेला अधिकारी या कामात नवा होता. अमेरिकेतून आपलीच बॉम्बफेकी विमाने त्या सकाळी यायची आहेत, असा त्याचा अंदाज होता. चिंता करू नका, असे त्याने सांगितले. तासाभराच्या आत जपानी विमानांनी पर्ल हार्बरची होळी केली. २,४०० हून अधिक माणसे मेली. यंत्राने त्याचे काम चोख केले होते. चुकली ती ओळख.

अनेक तोंडांची खबर

वेगवेगळ्या बातम्या एकमेकींवर घासून पाहायच्या ही फिल्टर रूमची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. औरंगाबादहून दख्खनचा कारभार चालत होता त्या काळात मोगल दरबाराला सुभ्यासुभ्यातून बातम्या जात. वाकिआनवीस उघडपणे अहवाल लिही. सवानेहनिगार आणखी एक अहवाल लिही. खुफियानवीस गुपचूप लिही आणि तो कोण आहे हे स्थानिक अधिकाऱ्यांना माहीत नसावे अशी व्यवस्था असे. हरकारे तोंडी आणि लेखी खबर नेत. एकाच घटनेबद्दल तीन-चार वाटांनी माहिती आली, की सुभेदाराने काय लपवले हे दरबारात समजे.

मराठ्यांकडेही हे शास्त्र पक्के होते. १६६४ च्या सुरत मोहिमेशी बहिर्जी नाईकांचे नाव जोडलेले आहे ते याच कारणाने. कोणत्या शहरात किती फौज आहे, हे तिथे जाऊन, लोकांत मिसळून कळत असे. अनोळखी मुलखात वाटाड्या आणि जासूद नसतील, तर घोडदळ कितीही मोठे असो, ते आंधळे.

दुसऱ्या महायुद्धात खुद्द रडारचा शोध घ्यायलाही याच मार्गाने जावे लागले. जर्मनांचे ‘व्युर्झबुर्ग’ रडार कसे चालते हे ब्रिटिशांना हवे होते. आर. व्ही. जोन्स या तरुण शास्त्रज्ञाने हवाई छायाचित्रांतून फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रुनव्हाल येथे ते हेरले. पण पहारेकरी किती आणि झोपतात कुठे, हे छायाचित्रात कसे दिसणार? ते फ्रेंच गुप्त संघटनेच्या माणसांनी गावात फिरून शोधले. किनाऱ्यावर सुरुंग पेरल्याची जर्मनांनी लावलेली पाटी खोटी आहे, हेही त्यांनीच कळवले. २७ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री ब्रिटिश सैनिक हवाई छत्रीने उतरले, रडारचे भाग सोडवून घेतले आणि समुद्रमार्गे परतले. एवढ्या आधुनिक यंत्राचे गुपित शेवटी स्थानिक माणसांच्या डोळ्यांनी आणि कानांनी उघडले.

शेखाडीचा किनारा

आता आपल्या समुद्राकडे येऊ. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यात शेखाडी नावाचे छोटे गाव आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिथे दोनदा शस्त्रे आणि आरडीएक्स उतरवले गेले. त्याआधी जानेवारीत दिघीला माल उतरला होता. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि २५७ माणसे मेली.

या प्रकरणात रडार असते तर काय फरक पडला असता? माझ्या मते फारसा नाही. दिघीला उतरलेला माल घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी प्रत्यक्ष अडवली होती. लाच ठरली आणि वाहने सोडली गेली. पुढे खटल्यात तस्कर आणि स्फोट घडवणाऱ्यांबरोबर पोलीस आणि सीमाशुल्क खात्यातले काही जणही दोषी ठरले. ठिपका दिसला होता, हाताला लागला होता, तरी त्याचे नाव उच्चारले गेले नाही. रडारची साखळी कितीही लांब केली तरी तिचे एक टोक माणसाच्या इमानात अडकवलेले असते.

त्याच वर्षी ‘ऑपरेशन स्वान’ सुरू झाले. महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस यांची संयुक्त गस्त ठरली. २००८ साली ती गस्त चालू असतानाच ‘कुबेर’ आली.

आमच्या मुलखातली एक गाडी

कुबेरकडे जाण्याआधी मराठवाड्यात यावे लागेल. समुद्र आमच्यापासून दूर असला तरी या गोष्टीचा एक धागा इथून जातो.

मे २००६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने खबर मिळाल्यावरून चांदवड-मनमाड रस्त्यावर दोन गाड्यांचा पाठलाग केला. एक गाडी पकडली. त्या कारवाईत ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे सापडली. दुसरी गाडी निसटली. ती जबिउद्दीन अन्सारी चालवत होता, असे तपासातून पुढे आले. तो बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. बिडकीनहून पैठणला गेले आणि गोदावरी ओलांडली, की गेवराईचा मुलूख सुरू होतो. या प्रकरणाला सगळीकडे ‘औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण’ म्हणतात. आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले ते असे.

हाच अन्सारी पुढे पाकिस्तानात पोहोचला आणि अबू जुंदाल या नावाने ओळखला जाऊ लागला. २६/११ च्या रात्री मुंबईतल्या दहशतवाद्यांना कराचीहून फोनवर सूचना मिळत होत्या. ते बोलणे आपल्या यंत्रणांनी टिपले. त्यातल्या एका आवाजाने ‘प्रशासन’ हा शब्द वापरला, असे तपासयंत्रणांनी नंतर सांगितले. पाकिस्तानात वाढलेला उर्दू बोलणारा माणूस तिथे ‘इंतेजामिया’ म्हणेल. ‘प्रशासन’ हा आपल्याकडच्या शाळांतला, वर्तमानपत्रांतला शब्द. त्या एका शब्दावरून संशय आला, की बोलणारा भारतात वाढलेला आहे. जून २०१२ मध्ये सौदी अरेबियाने त्याला भारताच्या हवाली केले. शस्त्रसाठा प्रकरणात २०१६ साली विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली.

दोन भाषा शिकवणारा म्हणून हा तपशील माझ्या मनातून जात नाही. लहरींनी आवाज पकडला, पण तो कोणत्या मातीतला आहे हे भाषा जाणणाऱ्या कानाने ओळखले. गुप्तवार्ता विभागाला उर्दू, दखनी, कोकणी, मराठी जाणणारी माणसे लागतात ती यासाठी. पोलीस दलात मुसलमान पुरेसे असावेत, ही मागणी आपण बहुधा नोकऱ्यांच्या हिशोबाने करतो. ती देशाच्या सुरक्षेच्या हिशोबानेही करता येते.

कुबेर आणि बधवार पार्क

२३ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका समुद्रात बळकावली. चार खलाशांना मारले आणि तांडेल अमरसिंह सोळंकी यांना मुंबईपर्यंत नौका चालवायला लावून त्यांचाही जीव घेतला. २६ तारखेच्या रात्री रबरी बोटीने ते कफ परेडला बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले.

या प्रवासात रडारपुढची अडचण समजून घ्यावी. कुबेर भारतीय नौका होती. अरबी समुद्रात अशा हजारो नौका रोज जाळी टाकतात. पडद्यावर ती दिसली असती, तरी हजारांतला एक ठिपका म्हणूनच. रबरी बोट तर लाटांच्या गोंधळात सहज हरवते. ठिपका आपला आणि आतली माणसे परकी, हे कोणत्याही प्रतिध्वनीतून उमगले नसते.

खबर मात्र होती. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, ताजसारखी हॉटेले लक्ष्य असू शकतात, अशा सूचना आधीपासून येत होत्या. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने २००९ साली राज्य सरकारला अहवाल दिला. या सूचना एकत्र वाचून त्यांचा अर्थ लावणारी व्यवस्था ढिली होती, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. म्हणजे फिल्टर रूमच नीट नव्हती.

दुसरी खबर किनाऱ्यावरच होती. मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी त्या तरुणांना उतरताना पाहिले. पाठीवर जड पिशव्या, अंगावर चांगले कपडे, कोळ्यांच्या धक्क्यावर यांचे काय काम? कुणीतरी त्यांना हटकलेही, तेव्हा उर्मट उत्तर मिळाले. पुढच्या काही मिनिटांत गोळीबार सुरू झाला. शहराच्या सुरक्षेची सारी यंत्रे एकीकडे आणि धक्क्यावरच्या त्या माणसांचे डोळे दुसरीकडे. हल्लेखोरांना उतरताना पाहिले ते या डोळ्यांनी. हे डोळे आणि ती यंत्रे यांना जोडणारा धागा त्या रात्री नव्हता.

नवे डोळे, जुना प्रश्न

२६/११ नंतर बरेच बदलले. किनाऱ्याच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी २००९ मध्ये नौदलाकडे आली. पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी किनारी रडार बसली, ३६ मुख्य भूमीवर आणि १० बेटांवर. भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने ही व्यवस्था उभारली. अनेक रडार दीपगृहांच्या आवारात आहेत, सोबत कॅमेरे आहेत. मोठी जहाजे आपले नाव-गाव सांगणारा संदेश सतत पाठवतात. तो टिपणारी यंत्रेही दीपगृहांवर आहेत. ही सारी माहिती एकत्र पाहणारे केंद्र नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्लीजवळ गुडगावला सुरू झाले. समुद्रापासून इतक्या दूर बसलेले ते केंद्र ही आपली फिल्टर रूम.

तरीही किनारा अधूनमधून धडा देत राहिला. साखळीचे काम चालू असताना, ३१ जुलै २०११ रोजी, ‘पवित’ नावाचे टाकलेले तेलवाहू जहाज वाहत वाहत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. खलाशांनी ते महिनाभर आधी ओमानच्या बाजूला सोडले होते आणि ते बुडाले असे समजले गेले होते. खोटी खबर मनात बसली, की खरा ठिपकाही दिसेनासा होतो.

१८ ऑगस्ट २०२२ ची गोष्ट याच्या उलट आहे. श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-४७ होत्या. शेखाडीचाच हा तालुका. अवघ्या महाराष्ट्राच्या छातीत धस्स झाले. वृत्तवाहिन्यांनी लगेच जुन्या चित्रफिती काढल्या. संध्याकाळच्या आत गृहखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. ती ‘लेडी हान’ नावाची नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती, मस्कतहून युरोपला निघाली होती. जूनमध्ये इंजिन बंद पडले, माणसांना एका कोरियन जहाजाने वाचवले आणि नौका पावसाळी समुद्रात वाहत आली. दहशतवादाशी संबंध आढळला नव्हता. मला या घटनेतले दोन मुद्दे महत्त्वाचे वाटतात. बोट पाहून स्थानिकांनी ताबडतोब पोलिसांना कळवले, आणि सरकारने खात्री होताच त्याच दिवशी जाहीरपणे सांगितले, की घाबरू नका. खबर देणारा आणि खबर तपासणारा, दोघांनीही आपले काम केले.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत गेटवेजवळच्या पाण्यात पोलिसांनी कुवेतहून आलेली एक मासेमारी बोट अडवली. वरवर पाहता कुबेरच पुन्हा आली असे वाटावे. आत होते कन्याकुमारीकडचे तीन मच्छीमार. मालक पगार देत नाही, छळतो, म्हणून ते त्याचीच बोट घेऊन मायदेशी पळून आले होते. पडद्यावर कसाबची बोट आणि या तिघांची बोट यांत काय फरक दिसणार? फरक कळतो तो थांबवून, विचारून, ऐकून घेऊन.

संशयाला खबर समजण्याची चूक

इथे मी त्या दोन शब्दांकडे परत येतो, खबरदार आणि खबऱ्या.

गुप्तवार्ता आतून येते. एखाद्या घरातला मुलगा वाट चुकतो तेव्हा ते कोणत्या रडारवर दिसते? ते आधी आईला जाणवते, मग मित्राला, कधी शिक्षकाला. ही माणसे बोलली तर शस्त्रे रस्त्यावर येण्याआधीच गोष्ट थांबू शकते. ती बोलत का नाहीत? सरळ कारण आहे. एकाबद्दल बोलावे आणि दहांना उचलले जावे, ही भीती.

ही भीती हवेतून आलेली नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली, बहुतेक नमाजी. मेलेले मुसलमान आणि पकडले गेले तेही नऊ मुसलमान. पाच वर्षांनी त्यांना जामीन मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. औरंगाबाद शस्त्रसाठ्याच्या खटल्यातही दोषींना शिक्षा झाली त्याच दिवसांत काही आरोपी दहा वर्षांनी निर्दोष सुटले. खरा ठिपका आणि खोटा ठिपका वेगळा करायला दहा दहा वर्षे लागली, तर त्या काळात गल्लीतल्या लोकांनी काय शिकावे? गप्प बसायला शिकतात. मग यंत्रणेचे कान बंद होतात, आणि ते यंत्रणेला कळतही नाही.

इंग्लंडमध्ये त्या सप्टेंबरच्या सकाळी जे झाले तेच हे. आपलेच विमान शत्रूचे म्हणून धरले. तिथे चूक कबूल करून ओळखण्याची पद्धत बदलली. एखाद्या समाजाला घाऊक संशयाने पाहणारी यंत्रणा खबरदार दिसते, पण ती पडदाभर ठिपके पेटवून बसलेली असते. ज्या पडद्यावर सगळेच ठिपके लाल, त्यावर शत्रू कोणता हे कसे कळणार?

कुरआनातल्या सूरह हुजुरातमध्ये या दोन्ही बाजू जवळजवळ आहेत. बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी छाननी करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या जमातीचे नुकसान कराल आणि पस्तावाल, असा सहाव्या आयतचा आशय आहे. बाराव्या आयतमध्ये फार संशय घेण्यापासून आणि लोकांची गुपिते हुडकण्यापासून रोखले आहे. माझ्या समजुतीने याचा अर्थ खबर देऊच नये असा होत नाही. निरपराधांचा जीव वाचवणारी खरी खबर देणे ही अमानत आहे. चुगली वेगळी आणि साक्ष वेगळी.

आपल्या बाजूनेही हिशोब मांडला पाहिजे. २६/११ नंतर मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना बडा कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला. मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले. जानेवारी २०१० मध्ये ते गुप्तपणे पुरले, असे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी नंतर विधिमंडळात सांगितले. निरपराधांना मारणारा आमचा नाही, हे समाजाने मातीच्या भाषेत सांगितले. मेल्यानंतर जे ठणकावून सांगितले, ते आधी, मुलगा वाट चुकत असताना, घरात आणि मोहल्ल्यात सांगण्याची हिंमतही हवी. वकील, शिक्षक, डॉक्टर, मशिदीचे विश्वस्त अशी चार भरवशाची माणसे मध्ये असली, तर घाबरलेला बाप पोलीस ठाण्याची पायरी चढू शकेल. ठाण्यातही त्याचे ऐकून घेणारा आणि त्याच्या दुसऱ्या मुलाला न उचलणारा अधिकारी भेटला पाहिजे.

कोकणात हे काही प्रमाणात चालू आहे. सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक मच्छीमारांना दिलेले आहेत. सागर रक्षक दलात गावचीच माणसे असतात. रत्नागिरीचा दालदी मुसलमान आणि रायगडचा कोळी एकाच समुद्रावर जाळे टाकतात. अनोळखी नौका कोणती, कुठल्या बोटीचा रंग नवा, कोणत्या धक्क्यावर अवेळी हालचाल आहे, हे दोघांनाही सारखेच कळते. त्यांचे डोळे ४६ रडारांना मिळालेली जोड आहेत. दालदी तांडेलाने फोन केला तर पलीकडच्या माणसाने आधी त्याचे नाव विचारून आवाज बदलू नये, एवढी एक अट पाळली, तर ही जोड टिकेल.

राज्यकर्त्यांना यंत्रे विकत घेणे सोपे जाते. निविदा निघते, मंजूर होते, उद्घाटन होते. भरवसा निविदेतून येत नाही. तो मालेगावसारख्या प्रकरणात सुटलेल्यांना भरपाई आणि सन्मान दिल्याने येतो, चुकीचा तपास करणाऱ्याला जाब विचारल्याने येतो, पोलीस भरतीत आपल्या वस्तीतला मुलगा दिसल्याने येतो. आणि आपल्याकडून तो येतो, तेव्हा आपण ‘खबऱ्या’ आणि ‘साक्षीदार’ यांतला फरक मुलांना नीट समजावून सांगितलेला असतो.

म्हणून यापुढे कुणी विचारले, की २६/११ ला रडार काय करत होते, तर मी त्याला आधी दुसरा प्रश्न विचारणार आहे. बधवार पार्कच्या धक्क्यावर ज्यांनी त्या दहा जणांना पाहिले, त्यांच्याकडे त्या क्षणी फिरवायला कोणता नंबर होता, आणि पलीकडे फोन उचलून त्यांच्यावर विश्वास ठेवणारे कोण होते?